वीतभर कागदावरचा माग

कोलोन शहरातल्या नॉयमार्क्ट चौकात, दुकानांनी गजबजलेल्या एका पॅसेजच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीचे संग्रहालय आहे. काही वर्षांपूर्वी लेकीकडे गेले असताना एका पावसाळी दुपारी मी तेथे शिरले. चित्रांची ओढ वगैरे काही नव्हती. लेकीला कामावरून सुटायला दोन तास होते आणि बाहेर बसायला कोरडी जागा नव्हती, एवढेच कारण. हे आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर पुढचे वाचून मी कलेची मोठी जाणकार आहे असा कुणाचा समज व्हायचा.

आत उजेड फार कमी होता. कागदावरच्या चित्रांना प्रकाश सोसत नाही, हे मला घरूनच माहीत होते. सोलापुरात वडिलांचा छोटा छापखाना होता, एक ट्रेडल छपाईयंत्र आणि अक्षरांच्या खिळ्यांच्या चार केसेस एवढाच त्याचा पसारा; दर्शनी काचेत लावलेले लग्नपत्रिकांचे नमुने उन्हाने पिवळे पडत आणि ते वरचेवर बदलण्याचे काम माझ्याकडे असे. त्या मंद उजेडात भिंतीवर एक चौकट होती, चौकटीत बराच पांढरा कागद आणि त्याच्या मधोमध हाताच्या पंजाएवढे एक काळे चित्र. दोन पावले मागे उभे राहून पाहिले तर काळोखाखेरीज काहीच दिसेना. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून मी काचेला नाक लागेल इतकी जवळ गेले. पहारा करणाऱ्या बाईंनी खाकरून मला थोडे मागे व्हायला सांगितले, तोवर मला जे दिसायचे ते दिसले होते.

चित्रात पुढे खाट आहे आणि खाटेवर एक लहान मूल निजलेले आहे. निजलेले म्हणावे की जाऊ लागलेले म्हणावे, हे चित्र सांगत नाही. मालिकेतल्या पुढच्या चित्राचे नाव मात्र ‘मृत्यू’ आहे. उजेड काय तो त्या मुलावर आणि त्याच्या अंथरुणावर पडलेला आहे. आई त्याच्यावर वाकलेली आहे आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचे डोके घट्ट धरले आहे. मागे एक लहानशी खिडकी, तिच्यापाशी अंधारात घरातले आणखी एक मोठे माणूस आणि एक मूल, नुसते बघत बसलेले. आणि या सगळ्यांच्या मागे, खोलीत माणसांना जागा उरू नये इतका मोठा, लाकडी माग. चित्राचे जर्मन नाव एकाच छोट्या शब्दाचे आहे. मराठीत त्याला मी ‘हलाखी’ म्हणेन. चित्राची उंची १५.४ सेंटिमीटर आणि रुंदी १५.३ सेंटिमीटर, म्हणजे पुरती वीतही नाही.

मला आधी माग ओळखू आला, आणि मागून बाई.

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे पद्मशाली विणकरांची वस्ती सुरू होते त्या हद्दीवर, आमचे घर होते. भिंतीला भिंत लागून शेजारी एक तेलुगू कुटुंब राहत होते. त्यांच्या बाहेरच्या खोलीत हातमाग होता आणि ती खोली म्हणजेच त्यांचा कारखाना, बैठक आणि रात्री झोपण्याची जागा. पहाटे कधीतरी धोटा सुरू होई, तो आमची शाळा, वडिलांचा छापखाना आणि आईचा स्वयंपाक आटपून दिवेलागण झाली तरी थांबत नसे. घरातल्या बाईंना आम्ही सगळे अक्का म्हणत असू. अक्का धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत, आणि कांड्या नसल्या की मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. हजार विड्यांचे पैसे मिळत, पण कारखान्यात मोजणी करताना छाट काढली जाई आणि छाटलेल्या विड्या हिशेबात येत नसत. हे सारे मी रोज पाहत होते. रोज पाहिलेल्या गोष्टीकडे माणूस बघत नाही, तसेच माझे झाले होते.

त्या मागाचा आवाज आमच्या घरात सगळ्यांच्या तक्रारीचा विषय होता. कधी एखाद्या रात्री तो लवकर थांबे. मग आई अंथरुण घालताना म्हणायची, “आज बरी झोप लागेल.” आणि खरोखरच आम्हाला शांत झोप लागायची. माग थांबला याचा अर्थ सूत मिळालेले नाही, सूत नाही म्हणजे आठवड्याची मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणजे सकाळी अक्कांची मुलगी पिठाची वाटी घेऊन आमच्या मागच्या दारी येणार, हा हिशेब मला तेव्हा येत नव्हता. गणितात मी वर्गात पहिली होते तरीही.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, सोलापूरपासून काही हजार किलोमीटरवर, त्या चौकोनी काळ्या कागदात मला थांबलेला माग दिसला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज नसणे ऐकू आले.

ही चित्रे कशी जन्मली ते मी नंतर वाचले. जून १८४४ मध्ये प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातल्या विणकरांनी, घरी बसून विणलेल्या कापडाला व्यापारी देत असलेला भाव पोट भरण्याइतकाही राहिला नाही म्हणून, व्यापाऱ्यांच्या वाड्यांवर चाल केली. लष्कराने गोळ्या घातल्या आणि ११ माणसे मेली. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, १८९३ मध्ये, बर्लिनमध्ये या उठावावरच्या एका नाटकाचा खासगी प्रयोग झाला. जाहीर प्रयोगांना तेव्हा पोलिसांची बंदी होती. पंचविशीतली केटे तो प्रयोग पाहून आली आणि हाती असलेले काम बाजूला ठेवून तिने विणकरांवर सहा चित्रांची मालिका सुरू केली. ती पुरी व्हायला १८९७ साल उजाडले. मधल्या काळात तिला दुसरा मुलगा झाला. नवरा कार्ल हा डॉक्टर, बर्लिनच्या कामगारवस्तीत दवाखाना चालवणारा; त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका पुष्कळदा केटेकडेही येऊन बसत आणि मन मोकळे करीत.

सहाही चित्रे तिला आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापायची होती. ते तिला जमेना. शेवटी पहिली तीन चित्रे तिने दगडावर काढली आणि उरलेली तीन पत्र्यावर. दगडावरची छपाई म्हणजे आपली शिळाछाप. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले ते याच रीतीने. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचे, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट जागा शाई धरते, ओली जागा झिडकारते. खडूचा दगडावरचा खरखरीतपणा जसाच्या तसा कागदावर उतरतो, आणि काळ्या पडलेल्या जागी टोकदार हत्याराने खरवडले तर तिथे उजेड उगवतो. ‘हलाखी’ मधल्या खोलीची दमट, कोंदट हवा, भिंतींवर साचल्यासारखा दिसणारा धूर, हे त्या दगडाचे देणे आहे. धातूवरची रेघ जमली असती तर कदाचित हे चित्र जास्त स्वच्छ झाले असते, आणि मला ते ओळखू आले नसते.

दारिद्र्याची चित्रे मोठ्या कॅनव्हासवर रंगवली जातात तेव्हा मला नेहमी एक अडचण येते. मोठ्या चित्रापुढे आपण दूर उभे राहतो. रंगांची मांडणी, छायाप्रकाश, चित्रकाराचा हात, सगळे डोळ्यांत भरते आणि चित्रातल्या भुकेल्या माणसाला त्या थाटामाटात एखाद्या पाहुण्यासारखे अवघडून उभे राहावे लागते. लहान छापील चित्र असे अंतर ठेवू देत नाही. त्याच्यासाठी वाकावे लागते, श्वास रोखावा लागतो, आणि एका वेळी एकालाच ते पाहता येते. आपण वाकलो की नकळत आपली मान त्या आईच्या मानेसारखीच होते. पाहणाऱ्याच्या शरीराला दिलेली ही एवढीशी तसदी मला महत्त्वाची वाटते. कणव मनात यायची तेव्हा येईल, मान आधी खाली येते.

डच चित्रकार रेम्ब्राँटला हे अडीचशे वर्षे आधी कळले होते. १६४८ मध्ये त्याने धातूवर कोरलेले, साधारण साडेसोळा बाय तेरा सेंटिमीटरचे एक चित्र आहे: अर्ध्या उघडलेल्या दारातून एक म्हातारा बाहेर वाकला आहे आणि दारापुढे उभ्या असलेल्या भिकाऱ्यांच्या कुटुंबातल्या बाईच्या हातावर नाणे ठेवतो आहे. तिच्या पाठीवर तान्हे मूल आहे, जवळ एक वृद्ध वादक आहे, टोपी घातलेला एक मुलगा आहे. दान देणाऱ्याचे पुण्य किंवा घेणाऱ्याची लाचारी, दोन्हींपैकी कशाचाही गाजावाजा नाही. दोन हात एकमेकांना भेटतात तेवढी जागा चित्रात नखाएवढी असेल, आणि डोळा फिरून फिरून तेथेच जातो. त्याआधीच्या शतकांत युरोपात भिकाऱ्यांची छापील चित्रे विकली जात ती बरीचशी हसण्यासाठी, लबाड भिकारी कसा ओळखावा हे सांगण्यासाठी. रेम्ब्राँटने स्वतःचाच चेहरा देऊन एक बसलेला भिकारी १६३० मध्ये कोरला होता. तोही असाच तळहातावर मावणारा आहे.

कोलवित्झबाईंविषयीची एक गोष्ट वाचून मी चकित झाले होते आणि नंतर मला ती फार आवडली. त्यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे की कामगारांची चित्रे काढायला त्यांनी सुरुवात केली तेव्हा दया किंवा सहानुभूती यांचा त्यात फारसा वाटा नव्हता. त्यांना ती माणसे सुंदर वाटत होती, बस्स. मध्यमवर्गीय माणसांचे चेहरे आणि हालचाली त्यांना रुचत नसत, आणि गोदीत, रस्त्यावर राबणाऱ्या माणसांच्या अंगाची ठेवण भुरळ घालीत असे. त्या आयुष्याची दुसरी, जड बाजू त्यांना नवऱ्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांमुळे कळली, आणि कळल्यावर मग त्यांना त्यापासून दूर होता आले नाही. गरिबांविषयी आपल्याला मुळापासून कळवळा होता असे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. आधी डोळ्यांना आवडले आणि मागून जिवाला लागले, असे कबूल करणारे माणूस मला जास्त विश्वासाचे वाटते. सहानुभूती उशिरा येते. कुणाला चार वर्षांनी, कुणाला चाळीस.

१८९८ मध्ये ही मालिका बर्लिनच्या मोठ्या कलाप्रदर्शनात लागली आणि परीक्षकांनी तिच्यासाठी सुवर्णपदकाची शिफारस केली. संबंधित मंत्र्याने कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, सल्ला दिला की कारागिरी कितीही चांगली असली, तरी विषय आणि तो मांडण्याची रीत पाहता यात मनाला दिलासा देणारे काहीच नाही, सबब पदक देऊ नये. पदक मिळाले नाही. दुसऱ्या वर्षी ड्रेस्डेन शहरातल्या प्रदर्शनाने ते दिले. मला त्या मंत्र्याचे कौतुक वाटते. चित्र त्याने नीट पाहिले होते. त्यात दिलासा नाही हे त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, आणि ज्या चित्रात दिलासा नसतो ते पाहणाऱ्याला घरी जाऊन झोपू देत नाही, हा धोकाही त्याला बरोबर कळला असावा.

पुढे कोलवित्झबाईंनी मोठ्या आकारातही काम केले. महागाईने जर्मनी पिचला होता त्या १९२३ मधले त्यांचे भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे: रिकाम्या वाट्या वर धरलेली मुले, आणि वर पाहणारे त्यांचे डोळे. भिंतीवर डकवायचे म्हणून ते मोठे आणि म्हणून त्यावर शब्दही आहेत, जर्मनीची मुले उपाशी आहेत असे सांगणारे. त्याने त्या वेळी आपले काम चोख केले असणार. माझ्यापुरते सांगायचे तर त्या वाट्या मला काहीतरी मागतात, आणि मागितल्यावर माणूस देतो किंवा नाकारतो, एकदाचा मोकळा होतो. ‘हलाखी’ मधली बाई माझ्याकडे बघतच नाही. तिला माझ्याकडून काही नको आहे. त्यामुळे माझी सुटकाही नाही.

आपल्याकडे या जातीचे काम केले ते चित्तप्रसाद यांनी. जन्म १९१५ चा, बंगालमधला. भट्टाचार्य हे आडनाव जातीची खूण म्हणून त्यांनी टाकून दिले. १९४३ च्या दुष्काळात ते मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि भुकेल्या माणसांची रेखाटने करून त्यांवर एक पुस्तिका काढली. त्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगाच्या मते १५ लाख माणसे मेली. नंतरचे काही अभ्यासक हा आकडा ३० लाखांपर्यंत नेतात. रेखाटलेल्या माणसांची नावे आणि गावे चित्तप्रसाद चित्राजवळ लिहून ठेवीत. आकडा केवढाही मोठा असो, त्याला नाव नसते. रेखाटनाखाली लिहिलेले नाव वाचले की एक माणूस लाखांतून बाहेर येऊन उभा राहतो. इंग्रज सरकारने पुस्तिकेच्या प्रती जप्त करून जाळल्या. एक प्रत त्यांच्या घरच्यांनी जपली होती, तिच्यावरून २०११ मध्ये ती पुन्हा जशीच्या तशी छापली गेली. मूळ प्रत जाळता येते, पण छापलेल्या गोष्टीची एक तरी प्रत कुठेतरी उरते, हे माझ्या वडिलांचे म्हणणे होते. ते अर्थात उधारीच्या पावत्यांबद्दल बोलत असत.

१९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत राहिले, अंधेरीत, एका खोलीत. कम्युनिस्ट पक्षापासून दूर झाल्यावर मिळकत अशी फारशी नव्हती. जमिनीवर अंथरायचे लिनोलियम स्वस्त, त्यावर कोरायला एक-दोन हत्यारे पुरतात आणि छापायला यंत्रही लागत नाही. कोरलेल्या पृष्ठावर शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासले तरी ठसा उठतो. त्या खोलीत त्यांनी राबणाऱ्या मुलांवर लिनोच्या ठशांची एक मालिका केली, परीकथा न मिळालेल्या देवदूतांची. १९६९ मध्ये युनिसेफच्या डेन्मार्कमधल्या समितीने ती पुस्तकरूपाने छापली. लिनोत करडा रंग नसतो. एकतर काळे, नाहीतर पांढरे. मुंबईच्या फुटपाथवरच्या मुलाला त्या काळ्या-पांढऱ्यात बसवताना त्यांनी त्याला केविलवाणे केलेले नाही. त्याच्या खांद्यांना, हातांना त्यांनी कामगाराचा भरीवपणा दिला आहे आणि डोळे मात्र मुलाचेच ठेवले आहेत. ज्याच्या स्वतःच्या खोलीत उद्याची भ्रांत आहे तो फुटपाथकडे गॅलरीतून पाहत नाही, हे त्या ठशांत कळते.

यात एक बोचणारी गोष्ट आहे ती लपवण्यात अर्थ नाही. ही चित्रे ज्यांची आहेत त्यांच्या घरांत ती कधी लागली नाहीत. आज ती संग्रहालयांत आहेत, संग्राहकांकडे आहेत, लिलावात विकली जातात. स्वस्त असावीत म्हणून निवडलेल्या माध्यमाला आता विम्याची किंमत आली आहे. मी स्वतः त्या चित्रापुढे डोळे पुसले आणि मग खाली येऊन चार युरोंची कॉफी प्यायले. अक्कांच्या घरी मी काय दिले? पिठाची वाटी आईने भरून दिली होती, मी ती नुसती त्यांच्या मुलीच्या हातात ठेवली होती, आणि तीही वहीतले गणित अर्धवट टाकून उठावे लागले म्हणून कुरकुरत.

निघताना संग्रहालयाच्या दुकानात ‘हलाखी’चे पोस्टकार्ड मिळाले. इतर चित्रांची पोस्टकार्डे केली की ती आक्रसतात, महत्त्वाचे काही गळून जाते. येथे मूळ चित्रच पोस्टकार्डाहून जरासे मोठे, त्यामुळे फारसे काही हरवले नाही. ते मी पर्समध्ये ठेवले आणि परत आल्यावर सोलापूरला गेले तेव्हा बरोबर नेले.

अक्का जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा धाकटा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, अजून त्याच घरात राहतो. हातमाग त्यांनी केव्हाच मोडीत काढला. तो दुसऱ्याच्या कारखान्यात टॉवेलच्या यंत्रमागावर होता आणि गुडघे गेल्यावर घरी बसला आहे. बाहेरच्या खोलीत आता मोटारसायकल उभी असते. चहा होईपर्यंत मी पोस्टकार्ड काढून त्याच्या हाती दिले. कोणी काढले, कुठले, काहीच सांगितले नाही. त्याने ते दाराच्या उजेडात धरले, डोळ्यांजवळ नेले, पुन्हा थोडे लांब धरले.

“माग बंद आहे, ताई,” तो म्हणाला.

मी विचारले, कशावरून. चित्रात धोटा नीट दिसत नाही, सूत चढवलेले आहे की नाही तेही कळत नाही, मी कितीतरी वेळा निरखून पाहिले होते.

“बाईचे हात बघा की. माग चालू असता तर कुणी ना कुणी कांड्या मागितल्या असत्या. डोक्याला लावायला हात मोकळे कुठले असतात?” मग त्याने चित्रातल्या खाटेवर अंगठा ठेवला, मुलावर नव्हे, जरा बाजूला, आणि विचारले, “याला काय झालं होतं?”

मला सांगता आले नाही. आतून त्याच्या सुनेने कप आणले. पोस्टकार्ड त्याने उलटे करून मागची जर्मन अक्षरे पाहिली, पुन्हा सुलटे केले आणि चहाचा थेंब पडू नये म्हणून ते उचलून दिवाणावर, आपल्या शेजारी ठेवले. निघताना मी ते मागितले नाही.